स्वच्छ धुऊन ठेवलेल्या जुन्या कपड्यांवर परत परत येणारे पिवळे-तपकिरी डाग: आधी काय तपासायचं, मग कशाने काढायचं आणि कुठे हात थांबवायचा

घरात कोणी बाळंतीण येणार असली की माळ्यावरची ट्रंक खाली उतरते, आतलं बोचकं सुटतं आणि तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची दुपटी, झबली, टोपडी बाहेर येतात. आणि मग मला फोन येतो. "अगं ठेवताना एकदम स्वच्छ होतं सगळं, मी स्वतः उन्हात वाळवून घडी घातली होती, आणि आता बघ काय झालंय." गेली पंधराएक वर्षं मी नात्यातल्या आणि शेजारपाजारच्या घरांचे असे कपडे धुऊन देतेय, गोधड्या, क्रोशाचे टेबलक्लॉथ, आजीचं सुती लुगडं, देवघरातले भरतकामाचे रुमाल, आणि दर वेळी तक्रार हीच असते. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

पहिली गोष्ट, "स्वच्छ होतं" हे खोटं नसतं. बाळाने दूध टाकलेलं असतं, तेल लावलेल्या अंगाला दुपटं गुंडाळलेलं असतं, धुतल्यावर त्यातलं थोडं सुतात राहतं आणि ते तेव्हा डोळ्यांना दिसत नाही. वर्षानुवर्षं हवा लागून तेच तेल घट्ट आणि पिवळं होतं. साखरेचंही तसंच, सरबत, शहाळ्याचं पाणी, उसाचा रस सांडला तर वाळल्यावर काही दिसत नाही, पण इस्त्री फिरली किंवा पाचदहा वर्षं गेली की तिथे तपकिरी डाग उमटतो. म्हणजे डाग ठेवल्यावर पडला नाही, तो आधीच तिथे होता, फक्त दिसायला वेळ लागला. हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं कारण मग आपण "कशाने घासू" हा प्रश्न बाजूला ठेवून "हे मुळात काय आहे" असं विचारतो.

लक्षणं

कापड खिडकीपाशी न्या, ट्यूबलाइटखाली बघू नका, पिवळा रंग तिथे कळत नाही.

काठ नसलेले, ढगासारखे पसरलेले फिकट पिवळे डाग, विशेषतः गळ्यापाशी आणि मध्यभागी, हे बहुतेक दूध, घाम, तेल यांचे. छोटे, लालसर तपकिरी, कडा स्पष्ट असलेले ठिपके किंवा रेघ म्हणजे गंज, सेफ्टी पिनचा, हुकाचा, ट्रंकेच्या पत्र्याचा. घडीच्या रेषेवर सरळ तपकिरी पट्टा असेल तर कापड लाकडाच्या फळीला किंवा वर्तमानपत्राला लागून राहिलंय, त्या दोन्हींतून आम्ल उतरतं. काळे-करडे बारीक ठिपके आणि कोंदट वास म्हणजे बुरशी, आमच्या कोकणात पावसाळ्यात हे घरोघरी. गडद, जरा पारदर्शक वाटणारा डाग, ज्यावर पाणी टाकलं तर पटकन मुरत नाही, तो तेलातुपाचा.

आणि एक लक्षण सगळ्यात जास्त छळतं. ओला असताना डाग गेलेला दिसतो, वाळला की परत हजर, कधी कधी पहिल्यापेक्षा मोठा आणि कडेला तपकिरी कंगोरा घेऊन. गोधडीत तर हे हमखास. त्याबद्दल खाली सविस्तर.

पहिली तपासणी, फुकटातली: कापड कसलं आहे

ही टाळून पुढे जाऊ नका. सुती आणि रेशमी यांचे उपाय एकमेकांच्या उलटे आहेत. दशांतला किंवा आतल्या शिवणीतला एक सुटा धागा काढा, चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख आली तर सुती. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम किंवा लोकर. वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर.

रेशीम किंवा लोकर निघाली तर धुण्याचा सोडा, ब्लीच, एन्झाइमवाली पावडर यातलं काहीही वापरायचं नाही. रेशीम आणि लोकर ही प्रथिनं आहेत, आणि दुधा-रक्ताचे डाग काढणाऱ्या पावडरीतलं एन्झाइम प्रथिनंच तोडतं, त्याला डाग कुठला आणि धागा कुठला ते कळत नाही.

मग रंग तपासा. पांढरं फडकं ओलं करून कापडाच्या आतल्या बाजूला पाच मिनिटं दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर घरी भिजवायचं नाही, विषय संपला. इरकलीचा लाल काठ, जुन्या लुगड्यांचे गडद रंग, खणाच्या चोळ्या यांची खात्री कधीच देता येत नाही. गोधडीत तर एकाच कापडात पाचसहा लुगडी असतात, प्रत्येक रंग वेगवेगळा तपासायला लागतो, आणि हो, आतल्या थरांचासुद्धा, एखादी शिवण जिथे उसवली असेल तिथून.

तिसरं, कापडात जीव आहे का. डागाच्या जागी दोन्ही अंगठ्यांनी अगदी हलकं ताणून बघा. कर्रर्र असा बारीक आवाज आला किंवा सूत विरलेलं दिसलं तर ते पाण्यात गेल्यावर फाटणारच. असं कापड डागासकट जपायचं.

दुसरी तपासणी: नुसतं पाणी

यावर लोकांचा विश्वास बसत नाही पण माझ्याकडे आलेल्या कपड्यांपैकी बऱ्याच कपड्यांचा अर्धा पिवळेपणा नुसत्या पाण्याने जातो. मोठ्या टबात पाणी घ्या, कापड उलगडून पूर्ण बुडवा, साबण नाही, काही नाही. अर्ध्या तासाने बघा. पाणी बिनदुधाच्या चहासारखं पिवळं झालेलं असतं. तो जुना राहिलेला साबण, खळ आणि सुताचंच वर्षानुवर्षं जे झिजून पिवळं झालेलं असतं ते. पाणी ओता, नवीन घ्या, परत भिजवा. पाणी पिवळं यायचं थांबेपर्यंत. मला एका दुपट्याला सात पाणी लागली होती आणि सातव्या पाण्यानंतर साबणाची गरजच उरली नाही.

पूर्ण कापड भिजवायचं, फक्त डागाची जागा ओली करायची नाही हे लक्षात ठेवा. ठिपक्यापुरतं पाणी लावलं की ते पसरत जातं, आपल्याबरोबर आतली सगळी घाण नेतं, आणि जिथे ओलं संपून कोरडं सुरू होतं तिथे ती टाकून देतं. तोच तो तपकिरी कंगोरा. आपण एक डाग काढायला जातो आणि त्याच्याभोवती रिंगण काढून येतो.

पाणी गारच घ्या. दूध, रक्त, लाळ यांच्यावर पहिलंच गरम पाणी पडलं की अंडं उकडल्यासारखं ते धाग्यात घट्ट बसतं.

तिसरी तपासणी: पाणीच गुन्हेगार नाही ना

हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. आम्ही रत्नागिरीच्या बाजूचे, जांभ्याची जमीन, विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी लोह असतं. नळाला बांधलेलं फडकं जर महिन्याभरात तांबूस होत असेल तर तुमच्याकडेही तेच आहे. असं पाणी बादलीत घेऊन त्यात धुण्याचा सोडा किंवा पावडर टाकली की पाण्यातलं लोह बाहेर पडतं आणि कापडावर बसतं. म्हणजे आपण डाग काढायला भिजवतोय आणि सगळं कापड हळूहळू पिवळं करतोय!

तपासायला काही खर्च नाही. एक जुना पांढरा रुमाल बादलीभर पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा टाकून रात्रभर ठेवा. सकाळी रुमाल पिवळट दिसला तर त्या पाण्यात मोलाचं काही भिजवू नका. पावसाळ्यात पागोळीचं पाणी पहिले दोनचार पाऊस सोडून धरा आणि ते वापरा, मी तेच करते. नाहीतर छोट्या वस्तूला पिण्याच्या फिल्टरचं आरओचं पाणी घ्या. एका झबल्याला चार लिटर पाणी सहज पुरतं.

चौथी: साबण लावून काय होतंय ते बघा (हळदीची परीक्षा)

डागाच्या एका कोपऱ्यावर साध्या कपड्याच्या साबणाचा हात फिरवा. पिवळा डाग एकदम लाल झाला तर घाबरू नका, ती हळद आहे. हळदीला चुना लागला की कुंकू होतं हे आपल्याला माहीत आहे, साबणही चुन्यासारखाच अल्कली, म्हणून तोच रंग. पाण्याने साबण काढला की परत पिवळा होतो.

हळदीला ऊन हेच औषध. धुवा, ओलंच उन्हात टाका, दुपारी परत पाणी शिंपडा, दोन-तीन दिवस करा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. हळदीच्या समारंभाचे कपडे, लोणच्याचे मसाल्याचे डाग सगळे असेच जातात, फक्त तेल असेल तर आधी तेल काढायचं कारण तेलाच्या आत लपलेल्या हळदीपर्यंत काही पोचत नाही. रंगीत कापड मात्र एवढं ऊन सोसत नाही, डागाबरोबर त्याचा स्वतःचाही रंग उतरतो.

पाचवी: गंज. हा सगळ्यांच्या आधी निघाला पाहिजे

आता जरा थांबून वाचा कारण मी लिहितेय त्यातलं हे सगळ्यात महत्त्वाचं.

माझ्या आत्याने लग्नाच्या आधी स्वतः विणलेला एक क्रोशाचा टेबलक्लॉथ होता, अननसाच्या नक्षीचा, सहा माणसांच्या टेबलाचा. पिवळा पडला होता आणि एका कडेला चार-पाच बारीक तांबूस ठिपके, ट्रंकेच्या कडीपाशी होता म्हणून. मी तेव्हा नवीन शिकत होते. सगळाच ऑक्सिजन ब्लीचमध्ये (क्लोरीन नसलेली ब्लीचची पावडर, तिच्याबद्दल खाली सातव्या तपासणीत) कोमट पाण्यात रात्रभर भिजवला. सकाळी पांढराशुभ्र झाला होता, मी अगदी खूष, आणि खळबळताना बघते तर जिथे ते ठिपके होते बरोबर तिथे भोकं. टाचणीच्या डोक्याएवढी, आणि धागा ओढला की वाढत जाणारी. गंजातल्या लोखंडामुळे ब्लीचची क्रिया त्या ठिपक्यावर भलतीच जोरात होते आणि डागाच्या आधी सूत खाऊन टाकते. आत्या काही बोलली नाही, तिने सुई घेतली आणि दोन दिवस बसून ती भोकं भरली. नीट बघितलं तर अजून कळतात.

तेव्हापासून माझा नियम एकच. तांबूस ठिपका दिसला की आधी गंज, बाकी सगळं नंतर. आणि क्लोरीनचं ब्लीच तर गंजावर कधीच नाही, त्याने गंज जात नाहीच, उलट पक्का बसतो.

गंज ओळखायला त्याचा आकार बघा. सेफ्टी पिनचा डाग दोन ठिपक्यांचा असतो, एक टाचायला आत गेली तिथला आणि एक बाहेर आली तिथला, कधी मध्ये बारीक रेघ. पाणी, साबण, ऊन कशानेही तो फिका होत नाही.

उपाय लिंबाचा. पांढऱ्या सुती कापडावर डागावर बारीक मीठ ठेवा, वर लिंबू पिळा, उन्हात ठेवा पण पूर्ण वाळू देऊ नका, मध्ये मध्ये लिंबाचे थेंब टाकत राहा. तासाभराने भरपूर पाण्याने धुवा. जुना गंज एका वेळेत जात नाही, तीन-चार वेळा करायला लागतं. लिंबाऐवजी वाण्याकडचं सायट्रिक ॲसिड चालतं, कपभर पाण्यात एक लहान चमचा, ते बरं पडतं कारण लिंबाच्या रसातला गर आणि साखर कापडात राहत नाही. शेवटी पाच वेळा तरी साध्या पाण्यातून काढा, आम्ल सुतात राहिलं तर सूत कमजोर होतं आणि पुढच्या दहा वर्षांत तिथेच विरतं.

दुकानात गंज काढायची तयार औषधं मिळतात, त्यातल्या बऱ्याच औषधांत ऑक्झॅलिक ॲसिड असतं. काम झटपट होतं पण ते विषारी आहे. बाळाच्या कपड्यांवर मी वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नका.

सहावी: तेल-तूप

ताज्या तेलावर टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी टाकतात ते बरोबर आहे, पण वीस वर्षांच्या तेलाला त्याने काही होत नाही, ते तेल आता तेल राहिलेलं नाही, वार्निशसारखं झालंय. त्याला भांडी घासायचं लिक्विड, बिनरंगाचं मिळालं तर उत्तम. कोरड्या डागावर थेंबभर टाका, बोटाने गोल गोल हलकं चोळा, अर्धा तास तसंच ठेवा, मग कोमट पाण्याने काढा. ब्रश नको, ब्रशने सुताची लव निघते आणि डाग गेला तरी ती जागा वेगळी दिसते. तीनदा करून फरक पडला नाही तर पुढच्या पायरीवर या, चौथ्यांदा घासू नका.

बुरशीचं इथेच सांगते. आधी कापड कोरडंच बाहेर अंगणात नेऊन झटका, नाकातोंडाला फडकं बांधा, दमा असेल त्याने हे करूच नये. कडक ऊन द्या. मग धुवा. वास जातो, करडेपणा बराचसा जातो, पण काळे ठिपके जुने असतील तर पूर्ण जात नाहीत हे आधीच मनात धरून चाला.

सातवी: ऑक्सिजन ब्लीच, फक्त पांढऱ्या किंवा पक्क्या रंगाच्या सुती कापडाला

इथपर्यंत आलात म्हणजे कापड सुती आहे, मजबूत आहे, रंग जात नाही, गंज निघालाय, तेल निघालंय आणि तरीही पिवळं आहे. आता हे वापरायचं. पाकिटावर सोडियम परकार्बोनेट लिहिलेलं बघून घ्या. पाण्यात गेलं की त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा होतो, म्हणजे ब्लीच आणि साबणाचा मदतनीस दोन्ही एकदम.

पाच लिटर पाण्याला दोन मोठे चमचे. पाणी हाताला सोसेल असं गरम, ४० ते ५० अंशांच्या दरम्यान, गार पाण्यात हे नीट काम करत नाही आणि मग लोक म्हणतात की काही उपयोग झाला नाही. (दुधाचे डाग असले तरी आता गरम पाणी चालतं, आधीच्या गार पाण्यांनी आणि धुण्याने दूध निघून गेलेलं असतं.) पावडर आधी पूर्ण विरघळू द्या, मग कापड टाका, नाहीतर न विरघळलेला कण जिथे बसेल तिथे वेगळाच डाग. हातात ग्लोव्हज. बादलीवर घट्ट झाकण नको, आतून वायू निघत असतो. सहा-आठ तासांनी त्याची ताकद संपते, म्हणून दोन दिवस त्याच पाण्यात ठेवून काही मिळत नाही, पाणी ओतून नवीन करा. दोन-तीन वेळा केलंत की दुधाचे पिवळे ढग बहुतेक जातात. नंतर ओलं कापड हिरवळीवर पसरून ऊन दिलं तर राहिलेला पिवळट झाकही कमी होतो, आमच्या आजीच्या वेळी ब्लीच नव्हतं तेव्हा हेच करायचे.

क्लोरीनवालं ब्लीच जुन्या कापडाला मी वापरत नाही. पांढरं करतं, पण सूतही खातं. आणि ते कधीही व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक ॲसिड किंवा बाथरूमच्या ॲसिडबरोबर एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं. "लिंबाने अर्धं गेलं, उरलेल्यावर ब्लीच टाकते" असं करताना मी लोकांना बघितलंय म्हणून एवढं कळकळीने सांगतेय.

नीळ शेवटी. नीळ पिवळेपणा काढत नाही, झाकते. पिवळ्यावर निळा चढला की डोळ्यांना पांढरं वाटतं. डाग असताना नीळ दिली तर डागाच्या जागी हिरवट-करडं दिसतं आणि ते काढणं आणखी एक काम होऊन बसतं.

वाळल्यावर परत येणारा डाग: गोधडीचं वेगळं

गोधडी म्हणजे सहा-सात थर आणि मध्ये धावदोरा. डाग वरच्या थरावर दिसतो पण माल आतल्या थरांत असतो. आपण वरचा थर धुतो, तो स्वच्छ होतो, मग वाळताना पाणी वरच्या बाजूने उडून जातं आणि आतलं पाणी वर खेचलं जातं, येताना आतली घाण घेऊन येतं. म्हणून डाग परत. तो परत आला म्हणजे तुमची मेहनत फुकट गेली असं नाही, आतलं बाहेर येतंय एवढंच.

त्याचाच फायदा घ्यायचा. गोधडी धुऊन झाली की पिळायची नाही, दोन जुन्या पंच्यांत गुंडाळून दाबायची. मग खाटेवर किंवा बाजेवर सपाट पसरायची आणि डागाच्या जागेवर स्वच्छ ओलसर पांढरं फडकं घालून वर हलकं वजन ठेवायचं. वाळताना घाण वर येते ती फडक्यात जाते. सकाळी फडकं उचललं की त्यावर तपकिरी नकाशा उमटलेला असतो. फडकं बदला, परत करा. एका गोधडीला मी तीन दिवस आठ फडकी बदलली होती, शेवटचं कोरं निघालं.

ओली गोधडी दोरीवर एका टोकाने लटकवू नका. पाणी प्यायलेल्या गोधडीचं वजन जुन्या धाग्यांना पेलत नाही, टाके तटातटा तुटतात. टबातून काढतानासुद्धा खाली चादर घालून चादरीसकट दोघांनी उचला. मशीनचं नाव नको.

जे डाग जात नाहीत

केळीचा चीक आणि काजूच्या बोंडांचा रस, जुना झाला की जात नाही, फिका होतो इतकंच. बिब्ब्याचा तर विचारच सोडा, परीट लोक कपड्यांवर खूण करायला बिब्बा वापरायचे ते काही उगाच नाही, धुऊन जाऊ नये म्हणूनच. काळी पडलेली जरी हा डागच नाही, खऱ्या जरीत चांदी असते आणि चांदी काळी पडते, तिला लिंबू, चिंच, टूथपेस्ट काहीही लावू नका, वरचा सोन्याचा पातळ मुलामा निघून जाईल आणि तो परत येत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराकडे द्या

पैठणी, शालू, कद, जरीकाठाचं कोणतंही रेशीम. कुंचीसुद्धा, तिच्यात खण, जरी, मोती, अस्तर सगळं एकत्र असतं आणि एकाला जे चालतं ते दुसऱ्याला चालत नाही. हाताने रंगवलेलं काहीही. ताणल्यावर आवाज करणारं. रंग सोडणारं. आणि एकाच डागावर तीन वेगळे उपाय करून झाले असतील तर चौथा तुम्ही करू नका, मग ते साधं सुती झबलं का असेना.

ड्रायक्लीनरकडे देताना नुसतं "डाग आहे" म्हणू नका. तेल आहे की सरबत, किती जुनं, घरी काय काय लावलं, सगळं सांगा, चिठ्ठी टाचायची तर दोऱ्याने टाचा, पिन नको. ड्रायक्लीनिंगचं द्रावण तेल विरघळवतं पण साखर, घाम, शहाळ्याचं पाणी त्यात विरघळत नाही, त्यांना वेगळं काम करायला लागतं. त्याने न विचारताच "होऊन जाईल ताई" म्हटलं तर मी कापड परत घेऊन येते. जो डागाला हात लावून बघतो, उजेडात धरतो आणि कदाचित जाणार नाही असं म्हणतो त्याच्याकडे देते. रोल प्रेस किंवा पॉलिश डाग निघाल्याशिवाय अजिबात करू देऊ नका, उष्णतेने डाग भाजून पक्का होतो. माझ्या मोठ्या जावेच्या शालूवर पन्ह्याचे चार थेंब होते, दिसतसुद्धा नव्हते, पॉलिशवरून आला तेव्हा चार तपकिरी ठिपके. ते अजून आहेत.

शंभर वर्षांचं, पिढीजात, दुसरं मिळणारच नाही असं काही असेल तर ड्रायक्लीनरकडेही देऊ नका. कापडांचं संवर्धन करणारी माणसं असतात, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारून सल्ला मिळतो का ते बघता येईल. तोपर्यंत सुती पंच्यात सैल गुंडाळून ठेवा, धुऊ नका.

परत ठेवताना

सगळं काढलंत आणि परत त्याच ट्रंकेत तसंच ठेवलंत तर पाच वर्षांनी परत हेच. खळ किंवा स्टार्च करून ठेवू नका, खळीला कसर लागते आणि ती पिवळीही पडते. इस्त्री वापरायच्या आदल्या दिवशी. पिना, हुक, टिकल्या काढा. पत्र्याला किंवा लाकडाला कापड थेट लागू नये म्हणून खाली-वर जुनी, बऱ्याच वेळा धुतलेली सुती चादर घाला, वर्तमानपत्र नको, प्लॅस्टिकची पिशवी तर नकोच, आत दमट राहतं. डांबरगोळ्या कापडाला लागू देऊ नका, पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. घड्या दर वेळी वेगळ्या जागी घाला. आमच्याकडे दसऱ्याच्या आसपास पाऊस ओसरला की ट्रंक उघडते, सगळं एक दिवस सावलीत पसरतं, प्रत्येक कापड खिडकीपाशी धरून बघितलं जातं. नवा फिकट डाग त्या दिवशी सापडला तर तो बहुतेक दोन पाण्यांत जातो.